रेल्वे अपघात नुकसानभरपाई दाव्यातील पुरावे

रेल्वे अपघात नुकसानभरपाई दाव्यातील पुरावे म्हणजे रेल्वे प्रवासात झालेल्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागताना अर्जदाराला सादर करावी लागणारी कागदपत्रे, साक्षी आणि वैद्यकीय नोंदी होत. भारतात अशा दाव्यांना रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १२३ ते १२५ आणि रेल्वे दावा न्यायाधिकरण अधिनियम, १९८७ लागू होतात. या कायद्यांनुसार रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर नसते. मात्र जखमी किंवा मृत व्यक्ती वैध प्रवासी होती आणि तिला झालेली इजा कायद्यात सांगितलेल्या प्रकारच्या घटनेतूनच झाली, या दोन गोष्टी त्याला दाखवाव्या लागतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील बहुतेक वाद याच दोन मुद्द्यांभोवती फिरतात. त्यांचा निर्णय बऱ्याचदा अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांत स्थानकात, पोलीस ठाण्यात आणि रुग्णालयात लिहिल्या गेलेल्या नोंदींवर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या पुराव्यांचे स्वरूप मुख्यतः मुंबईतील वांद्रे स्थानक व परिसराच्या संदर्भात दिले आहे.

पार्श्वभूमी

मुंबईची उपनगरी रेल्वे पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे या दोन विभागीय रेल्वे मिळून चालवतात. गर्दीच्या वेळी उघड्या दारात उभे राहून प्रवास करणे, चालत्या गाडीत चढणे किंवा उतरणे आणि रूळ ओलांडणे या तीन कारणांनी होणारे अपघात येथे सातत्याने घडत आले आहेत. बाहेरून पाहता या तिन्ही प्रकारांतील जखमा सारख्या दिसू शकतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या दोन प्रकारांत भरपाई मिळू शकते, तर रूळ ओलांडताना गाडीची धडक बसल्यास ती सामान्यतः मिळत नाही.

वांद्रे हे पश्चिम मार्गावरील माहीम आणि खार रोड यांच्या दरम्यानचे स्थानक असून तेथे हार्बर मार्गाच्या गाड्याही येतात. पूर्वेस वांद्रे टर्मिनस हे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्वतंत्र स्थानक आहे. हार्बर मार्गावरील गाड्या मध्य रेल्वे चालवते, परंतु वांद्रे स्थानकाचे व्यवस्थापन पश्चिम रेल्वेकडे आहे. त्यामुळे एकाच स्थानकात घडलेल्या अपघाताच्या नोंदी दोन वेगवेगळ्या रेल्वे प्रशासनांकडे विखुरलेल्या असू शकतात. जखमी व्यक्ती कोणत्या मार्गावरील, कोणत्या दिशेच्या, धीम्या की जलद गाडीत होती, ही माहिती म्हणूनच महत्त्वाची ठरते.

अपघाताशी संबंधित पोलीस यंत्रणाही दोन आहेत. लोहमार्ग पोलीस हे राज्य पोलीस दलाचा भाग असून गुन्ह्यांची आणि अपघाती मृत्यूंची नोंद, पंचनामा व तपास त्यांच्याकडे असतो. रेल्वे सुरक्षा दल हे केंद्र सरकारच्या अखत्यारीत असून रेल्वेची मालमत्ता व प्रवासी यांचे संरक्षण हे त्याचे काम आहे. भरपाईच्या दाव्यात रेल्वेच्या वतीने होणारी विभागीय चौकशी हेच दल करते. पश्चिम मार्गावर चर्चगेट, मुंबई सेंट्रल, वांद्रे, अंधेरी, बोरिवली आणि वसई रोड येथे लोहमार्ग पोलीस ठाणी आहेत. अपघाताची जागा ज्या ठाण्याच्या हद्दीत येते, त्या ठाण्यात नोंद होते.

कायदेशीर चौकट

कलम १२४ हे टक्कर किंवा गाडी रुळावरून घसरणे यांसारख्या गाडीच्याच अपघाताविषयी आहे. उपनगरी प्रवाशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे कलम १२४-अ होय. ते १९९४ च्या दुरुस्तीने अधिनियमात आले आणि १ ऑगस्ट १९९४ पासून अमलात आहे. या कलमानुसार 'अनुचित घटना' घडून प्रवाशाला इजा झाली वा त्याचा मृत्यू झाला, तर रेल्वेचा दोष असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. या दायित्वाला विनादोष दायित्व म्हणतात.

'अनुचित घटना' या संज्ञेची व्याख्या कलम १२३ (क) मध्ये आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात गाडीत किंवा स्थानकाच्या आवारात कोणी केलेले दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, लूट, दरोडा, दंगल, गोळीबार आणि जाळपोळ यांचा समावेश होतो. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम मार्गावरील लोकल गाड्यांत झालेले सात बॉम्बस्फोट या भागात मोडतात. त्यांपैकी एक स्फोट वांद्रे येथे झाला होता. दुसऱ्या भागात प्रवासी गाडीतून प्रवाशाचे अपघाताने खाली पडणे येते. मुंबईतील दैनंदिन दावे बहुतांशी या दुसऱ्या भागाखालील असतात.

कलम १२४-अ मध्येच काही अपवाद सांगितले आहेत. आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेच्या वा वेडाच्या भरात केलेली कृती आणि नैसर्गिक कारण वा आजार यांमुळे इजा झाली असल्यास भरपाई मिळत नाही. आजाराच्या अपवादाला मर्यादा आहे. अनुचित घटनेत झालेल्या इजेमुळेच उपचारांची गरज निर्माण झाली असेल, तर हा अपवाद लागू होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन निकालांनी या कलमाचा अर्थ स्थिर केला आहे.

१. प्रभाकरन विजयकुमार प्रकरण (२००८) – केरळमधील वर्कला स्थानकात गाडीत चढण्याचा प्रयत्न करताना पडून झालेला मृत्यू हाही 'गाडीतून पडणे' या संज्ञेत येतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. हा कायदा कल्याणकारी असल्याने त्याचा संकुचित अर्थ लावू नये आणि येथे रेल्वेचे दायित्व कठोर स्वरूपाचे आहे, असे तत्त्व त्यात मांडले गेले.

२. जमीला प्रकरण (२०१०) – उघड्या दारात उभे राहणे हा फार तर निष्काळजीपणा असू शकेल, ते गुन्हेगारी कृत्य नव्हे, म्हणून तेवढ्या कारणावरून भरपाई नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

३. रीना देवी प्रकरण (२०१८) – पुराव्याच्या दृष्टीने हा निकाल सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. गाडीत चढता-उतरता झालेली इजा अनुचित घटनेतच मोडते आणि प्रवाशाचा स्वतःचा निष्काळजीपणा भरपाईच्या आड येत नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. रेल्वेच्या आवारात देह सापडला एवढ्यावरून ती व्यक्ती प्रवासी ठरत नाही, तसेच तिकीट सापडले नाही एवढ्यावरून ती प्रवासी नव्हती असेही ठरत नाही. अर्जदाराने प्रतिज्ञापत्रावर संबंधित तथ्ये मांडली की त्याची प्राथमिक जबाबदारी पूर्ण होते आणि पुढे सिद्धतेचा भार रेल्वेवर जातो.

प्रवासी असल्याचा पुरावा

तिकीट किंवा पास हा प्रवासी असल्याचा सर्वांत थेट पुरावा होय. अपघातात खिसा फाटणे, पाकीट गहाळ होणे, रुग्णालयात कपडे कापून काढावे लागणे या गोष्टी नेहमीच्याच असल्याने कागदी तिकीट हाती लागेलच याची शाश्वती नसते. पंचनाम्यात अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी असते. तीत तिकिटाचा किंवा पासाचा उल्लेख क्रमांकासह असल्यास पुढे वाद उरत नाही. नातेवाइकांना वस्तू परत दिल्या जातात तेव्हा होणाऱ्या पावतीची प्रतही म्हणून जपून ठेवावी लागते.

उपनगरी प्रवाशांत पासधारकांची संख्या मोठी आहे. पासावर ओळखपत्राचा क्रमांक असतो आणि पास ठरावीक मुदतीचा असल्याने अपघाताच्या दिवशी तो वैध होता का, हे तारखेवरून पडताळता येते. जुन्या मुदतीचे पास जपून ठेवले असल्यास ती व्यक्ती त्या मार्गावर नियमित प्रवास करीत होती, हेही दाखवता येते. मोबाइल अ‍ॅपवर काढलेल्या तिकिटाची वा पासाची नोंद प्रवाशाच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेली असते. त्यामुळे फोन फुटला वा हरवला तरी व्यवहाराचा माग राहतो. स्वयंचलित यंत्रातून काढलेल्या कागदी तिकिटावर प्रवाशाचे नाव नसते. अशा वेळी स्मार्टकार्डातून किंवा बँक खात्यातून झालेल्या खर्चाची नोंद उपयोगी पडते.

तिकीट मुळीच उपलब्ध नसल्यास परिस्थितिजन्य पुरावा मांडला जातो. त्या दिवसाचे कार्यालयातील हजेरीपट, महाविद्यालयाचे वेळापत्रक, घरातून निघण्याची वेळ सांगणाऱ्या कुटुंबीयांची साक्ष आणि सहप्रवाशाचे कथन यांचा त्यात समावेश होतो. या सर्वांतून प्रवासाचे कारण, दिशा आणि वेळ ही अपघाताच्या जागेशी व वेळेशी जुळणे आवश्यक असते. अंधेरीला कामावर जाणारी व्यक्ती सकाळी वांद्रे ते खार रोड यांच्या दरम्यान जखमी झाली, तर प्रवासाचा क्रम सहज लक्षात येतो. तीच व्यक्ती प्रवासाचे कोणतेही कारण नसलेल्या मार्गालगत आढळली, तर न्यायाधिकरण अधिक खुलासा मागते.

कलम १२४-अ च्या स्पष्टीकरणानुसार वैध प्रवास-तिकीट असलेली व्यक्ती, वैध फलाट तिकीट असलेली व्यक्ती आणि कर्तव्यावरील रेल्वे कर्मचारी हे सर्व 'प्रवासी' आहेत. नातेवाइकांना पोहोचवायला आलेल्या व्यक्तीचे फलाट तिकीट म्हणूनच केवळ दंड टाळण्याचे साधन नसून तिच्या दाव्याचा आधारही ठरू शकते.

घटनेचा पुरावा

स्थानक अधीक्षकांचा मेमो

अपघाताची खबर मोटरमन, गार्ड, रुळांची तपासणी करणारा कर्मचारी किंवा प्रवासी यांच्याकडून स्थानकाला मिळते. त्यानंतर स्थानक अधीक्षक लोहमार्ग पोलिसांना लेखी कळवतात. या कागदाला 'मेमो' म्हणतात. जखमीला हमालांच्या साहाय्याने स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेपर्यंत नेले जाते आणि मेमोची प्रत पोलिसांकडे जाते. मेमोत वेळ, किलोमीटर व खांब क्रमांक, मार्ग, गाडीचा तपशील आणि घटनेचे एका ओळीतील वर्णन असते.

दाव्याच्या दृष्टीने ही एक ओळ निर्णायक ठरू शकते. 'गाडीतून पडून जखमी' आणि 'रूळ ओलांडताना जखमी' या दोन शब्दप्रयोगांत भरपाई मिळणे आणि न मिळणे एवढे अंतर असते. मेमो लिहिणारा कर्मचारी बहुधा घटना पाहणारा नसतो आणि त्याला मिळालेली माहितीही ऐकीव असते. त्यामुळे मेमो हा घटनेची पहिली नोंद म्हणून महत्त्वाचा असला, तरी तो अंतिम पुरावा नव्हे. मेमोतील वर्णन कोणाच्या सांगण्यावरून लिहिले, हे विचारण्याचा आणि त्याविरुद्ध पुरावा देण्याचा अधिकार अर्जदाराला असतो.

घटनास्थळ

घटनास्थळाच्या पंचनाम्यात जखमी किंवा मृत व्यक्ती रुळांच्या आत होती की बाहेर, फलाटापासून किती अंतरावर होती, चपला, पिशवी, डबा इत्यादी वस्तू कोठे पडल्या होत्या, याची नोंद असते. समोरून येणाऱ्या गाडीची रुळावर धडक बसली असल्यास मोटरमनला ते सहसा दिसते आणि तो स्थानकाला कळवतो. मधल्या वा मागच्या डब्यातून कोणी पडल्यास मोटरमनला त्याचा पत्ताही नसतो आणि गाडी न थांबता पुढे जाते. म्हणून धडकेची खबर देणारा मोटरमनचा अहवाल आहे किंवा नाही, याला या प्रकरणांत महत्त्व असते. मात्र अहवाल नाही म्हणजे पडणे आपोआप सिद्ध झाले असे नव्हे. जागा, जखमा आणि प्रवासाची दिशा यांच्याशी मिळूनच त्याचा अर्थ लावला जातो.

फलाट व गाडी यांच्यातील पोकळीत पडून झालेल्या अपघातांत फलाटाची उंची आणि पोकळीचे माप महत्त्वाचे असते. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात अशा पोकळीत पडून एका विद्यार्थिनीचे दोन्ही हात गेले. त्यानंतर हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि उपनगरी फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला गती मिळाली. कलम १२४-अ खाली फलाट सदोष होता हे सिद्ध करावे लागत नाही. परंतु घटनास्थळाची छायाचित्रे आणि मापे यांमुळे पडणे कसे घडले असेल, याची कल्पना न्यायाधिकरणाला येते. दुरुस्तीची कामे झाल्यावर मूळ स्थिती उरत नसल्याने छायाचित्रे लवकर व तारखेसह घेतलेली असावी लागतात.

साक्षीदार

सहप्रवाशाची साक्ष ही पडण्याचा प्रकार सांगणारी सर्वांत प्रभावी साक्ष होय. लोकलमधील गर्दी पुढच्या स्थानकावर पांगते आणि साक्षीदार पुन्हा सापडणे अवघड होते. जखमीला उचलणारे हमाल, फलाटावरील स्टॉलधारक, बूटपॉलिश करणारे कामगार आणि नियमित त्याच गाडीने जाणारे प्रवासी हे मुंबईतील नेहमीचे साक्षीदार आहेत. त्यांची नावे व संपर्क त्याच दिवशी नोंदवून ठेवणे आवश्यक असते. जखमी व्यक्ती स्वतः शुद्धीवर असल्यास तिचा जबाब हाच मुख्य पुरावा असतो. तो वाचून पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नये, हा जबाब देण्याच्या बाबतीतील सर्वमान्य संकेत येथेही लागू पडतो.

सीसीटीव्ही चित्रीकरण

स्थानकांतील फलाट, पादचारी पूल आणि प्रवेशद्वारे येथे सीसीटीव्ही कॅमेरे असतात. त्यांचे चित्रीकरण मर्यादित काळच साठवले जाते आणि नंतर त्यावर नवे चित्रीकरण होते. त्यामुळे चित्रीकरण जतन करण्याबाबतचा लेखी अर्ज रेल्वे सुरक्षा दल, स्थानक अधीक्षक आणि लोहमार्ग पोलीस यांच्याकडे तातडीने द्यावा लागतो. अर्जात तारीख, वेळेची मर्यादा, फलाट क्रमांक आणि शक्य असल्यास कॅमेऱ्याची जागा नमूद करून पोचपावती घेतल्यास, पुढे चित्रीकरण उपलब्ध नाही असे उत्तर आले तरी ते वेळेत मागितले होते हे दाखवता येते. अपघाताची जागा कॅमेऱ्याच्या टप्प्यात नसली, तरी ती व्यक्ती प्रवेशद्वारातून आत आली किंवा गाडीत चढली, एवढे दृश्यही प्रवासी असल्याच्या मुद्द्यावर उपयोगी पडते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. महाराष्ट्रातील जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचे सांगितले. मूळ उपकरणच न्यायालयात सादर केल्यास त्याची गरज नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे. न्यायाधिकरण दिवाणी प्रक्रिया संहितेने काटेकोरपणे बांधलेले नसले, तरी चित्रीकरणाची विश्वासार्हता टिकवण्यासाठी प्रमाणपत्र घेणे इष्ट मानले जाते.

वैद्यकीय पुरावा

वांद्रे परिसरातील जखमींना प्रथम बहुधा वांद्रे पश्चिमेकडील के. बी. भाभा महापालिका रुग्णालयात नेले जाते. गंभीर रुग्णांना शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात हलवले जाते. अपघाताचा रुग्ण दाखल होताच वैद्यकीय-विधी प्रकरण म्हणून नोंद होते. तिला व्यवहारात 'एमएलसी' म्हणतात. केस पेपरवर डॉक्टर इजेचे कारण लिहितात. ते रुग्णाने स्वतः सांगितले की सोबत आलेल्या पोलिसाने वा हमालाने, याचीही नोंद असते. मेमोप्रमाणे येथेही 'लोकलमधून पडले' की 'गाडीची धडक बसली' हे शब्द पुढे तपासले जातात. रुग्ण बेशुद्ध असल्यास कारण दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलेले असते, आणि शुद्धीवर आल्यानंतरच्या रुग्णाच्या कथनाशी त्याचा मेळ बसतो का, हे पाहावे लागते.

मद्यपानाचा आक्षेप रेल्वेकडून येण्याची शक्यता असल्याने त्याबाबतची वैद्यकीय नोंदही महत्त्वाची असते. तोंडाला वास येत असल्याचा नुसता शेरा आणि रक्ततपासणीचा अहवाल यांचे पुराव्यातील वजन सारखे नसते. शिवाय इजा नशेच्या भरात केलेल्या कृतीमुळे झाली, हे दाखवावे लागते.

भरपाईची रक्कम रेल्वे अपघात व अनुचित घटना (भरपाई) नियम, १९९० मधील अनुसूचीनुसार ठरते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी आणि दोन्ही हात गमावणे यांसारख्या अतिगंभीर इजांसाठी ही रक्कम ४ लाखांवरून ८ लाख रुपये झाली. इतर अंगच्छेद व अस्थिभंगांसाठी अनुसूचीत टप्प्याटप्प्याने रकमा दिल्या आहेत. अंगच्छेद कोणत्या पातळीवर झाला, कोणते हाड मोडले आणि ते एका अवयवाचे की दोन्ही, यावर रक्कम बदलते. म्हणून डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणे, क्ष-किरण चित्रे आणि शासकीय वैद्यकीय मंडळाचे अपंगत्व प्रमाणपत्र यांत इजेचे वर्णन नेमके असावे लागते. 'पायाला गंभीर दुखापत' असे मोघम प्रमाणपत्र अनुसूचीतील कोणत्याही नोंदीशी जुळवता येत नाही.

विभागीय चौकशी अहवाल

अनुचित घटनांच्या तपासाच्या पद्धतीबाबत २००३ मध्ये केंद्र सरकारने नियम केले. त्यांनुसार रेल्वे सुरक्षा दलाचा अधिकारी चौकशी करतो आणि त्याचा अहवाल विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे जातो. व्यवहारात त्याला 'डीआरएम अहवाल' म्हणतात. रेल्वेचा लेखी बचाव बहुतांशी यावर आधारलेला असतो. हा अहवाल दाव्यातील प्रतिपक्षाच्या यंत्रणेने तयार केलेला असल्याने त्यातील निष्कर्ष न्यायाधिकरणावर बंधनकारक नसतात. अहवाल केव्हा तयार झाला, चौकशी अधिकाऱ्याने कोणाचे जबाब घेतले आणि मूळ मेमो व पंचनामा यांच्याशी तो जुळतो का, हे तपासण्याचे मुद्दे होत. अपघातानंतर फार उशिरा, दावा दाखल झाल्यावरच तयार झालेल्या अहवालाबाबत असा आक्षेप विशेषत्वाने घेतला जातो.

कागदपत्रे मिळवणे

मेमो, पोलीस ठाण्यातील नोंद, पंचनामे, जबाब आणि मृत्यूच्या प्रकरणात शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रमाणित प्रती लोहमार्ग पोलीस ठाण्यातून मागता येतात. रेल्वेकडील कागदपत्रांसाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. त्यावर सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तपास चालू असून माहिती दिल्याने त्यात अडथळा येईल, अशा कारणावरून माहिती नाकारली जाऊ शकते. तसे झाल्यास अपील करता येते किंवा दावा दाखल झाल्यावर न्यायाधिकरणामार्फत कागद हजर करण्याचा आदेश मागता येतो. न्यायाधिकरणाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

दावा दाखल करणे

दावा घटनेपासून एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो. दीर्घ काळ रुग्णालयात असणे हे असे कारण असू शकते, परंतु त्यासाठीही तारखांसह वैद्यकीय कागदपत्रे लागतात. अर्ज जखमी व्यक्ती स्वतः, तिने अधिकार दिलेला प्रतिनिधी, अज्ञान व्यक्तीच्या बाबतीत पालक आणि मृत्यूच्या बाबतीत अवलंबित नातेवाईक करू शकतात. या प्रकारच्या अर्जाला न्यायाधिकरणात शुल्क नाही. मुंबईत न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे. त्याच्या निर्णयाविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र असते. रीना देवी निकालानंतर या प्रतिज्ञापत्राचे महत्त्व वाढले आहे, कारण त्यातील तथ्यांवरच सिद्धतेचा भार पलटतो. त्यात प्रवासाचा आरंभ व शेवट, तिकिटाचा तपशील किंवा ते न सापडण्याचे कारण, पडण्याचा प्रकार आणि माहितीचा स्रोत स्पष्टपणे सांगितलेला असावा लागतो. स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून कळलेले यांची सरमिसळ केल्यास उलटतपासणीत संपूर्ण कथनावर संशय येतो.

वांद्रे टर्मिनस येथील चेंगराचेंगरी (२०२४)

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे वांद्रे टर्मिनसच्या फलाट क्रमांक १ वर वांद्रे टर्मिनस–गोरखपूर अंत्योदय एक्सप्रेस लागत असताना चेंगराचेंगरी होऊन किमान नऊ जण जखमी झाले. दिवाळी व छठ सणांसाठी गावी निघालेल्या प्रवाशांची मोठी गर्दी होती आणि ही गाडी पूर्णतः अनारक्षित होती. गाडी फलाटावर येत असतानाच अनेकांनी तीत चढण्याचा प्रयत्न केला. जखमींना भाभा रुग्णालयात नेण्यात आले. यानंतर पश्चिम रेल्वेने वांद्रे टर्मिनससह काही स्थानकांत फलाट तिकिटांची विक्री तात्पुरती थांबवली.

पुराव्याच्या दृष्टीने ही घटना एका कायदेशीर अडचणीचे उदाहरण आहे. 'अनुचित घटना' या व्याख्येत चेंगराचेंगरीचा स्वतंत्र उल्लेख नाही. चालत्या गाडीत चढताना पडलेल्या प्रवाशाला प्रभाकरन विजयकुमार निकालाचा आधार घेता येतो. फलाटावरच गर्दीखाली चिरडल्या गेलेल्या व्यक्तीचा दावा मात्र व्याख्येत बसवणे कठीण जाते. एकाच फलाटावर, एकाच क्षणी जखमी झालेल्या दोघांपैकी कोण गाडीतून पडला आणि कोण जमिनीवर ढकलला गेला, हे सांगणारा पुरावा म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्या घटनेचा गाडीत चढण्या-उतरण्याशी थेट संबंध नव्हता. अशा प्रसंगी सरकार सानुग्रह मदत जाहीर करते, परंतु ती कलम १२४-अ खालील भरपाईहून वेगळी असते आणि तीवरून कायदेशीर हक्क सिद्ध होत नाही. व्याख्येबाहेरच्या घटनांत निष्काळजीपणावर आधारित दिवाणी दावा हा मार्ग उरतो, आणि तेथे रेल्वेचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी पुन्हा अर्जदारावर येते.

मोटार अपघात दाव्यांशी तुलना

रस्ते अपघाताचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली दावा केल्यास चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. भरपाई मात्र जखमी वा मृत व्यक्तीचे उत्पन्न, वय आणि अवलंबित व्यक्ती यांवरून काढली जाते. त्यामुळे तेथे पगारपत्रक, आयकर विवरणपत्र आणि औषधोपचारांची बिले हा मुख्य पुरावा असतो. रेल्वेच्या दाव्यात रक्कम अनुसूचीने ठरत असल्याने उत्पन्नाच्या कागदांना तेवढे महत्त्व नसते. हमाल असो वा अधिकारी, मृत्यूची भरपाई सारखीच असते. पुराव्याचा सारा भर प्रवासी असणे, पडणे आणि इजेचे स्वरूप यांवर राहतो.

टीका व मर्यादा

या व्यवस्थेवरील मुख्य टीका अशी की कायदा विनादोष दायित्वाचा असला तरी पुरावा निर्माण करणारी बहुतेक साधने रेल्वेच्याच हाती असतात. मेमो, चित्रीकरण आणि चौकशी अहवाल ही तिन्ही साधने प्रतिपक्षाकडील असून जखमी व्यक्ती त्या वेळी शस्त्रक्रियागृहात असते. कुटुंबाला कायद्याची माहिती होईपर्यंत चित्रीकरण पुसले गेलेले असते आणि साक्षीदार पांगलेले असतात. सिद्धतेचा भार रेल्वेवर टाकणाऱ्या निकालांमुळे ही विषमता काही अंशी कमी झाली आहे.

जखमींना वेळेवर उपचार मिळावेत यासाठी समीर झवेरी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली. त्यातून उपनगरी स्थानकांत रुग्णवाहिका व तातडीच्या वैद्यकीय कक्षांची सोय होण्यास चालना मिळाली. अशा कक्षांत होणारी पहिली वैद्यकीय नोंद पुढे पुराव्याचाही भाग बनते. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ दोन गाड्या परस्परांना ओलांडत असताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडून किमान चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर उपनगरी गाड्यांना बंद होणारी दारे बसवण्याची मागणी पुन्हा पुढे आली. तशी दारे सर्व गाड्यांना बसेपर्यंत पडून होणारे अपघात आणि त्यांवरील दावे चालूच राहणार असल्याने, पहिल्या तासातील नोंद अचूक होणे हा जखमींच्या हक्काचाच भाग मानला पाहिजे, असे मत या विषयातील वकील व प्रवासी संघटनांच्या वर्तुळात मांडले जाते.